एकादशीला भरती सव्वाआठला

माझ्याकडे सर्फबोर्डाची पहिली पिशवी शिवायला आली ती नऊ फूट लांब होती. पडवीत उलगडली तर एक टोक उंबरठ्याला आणि दुसरं पार तुळशीपर्यंत. मी ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. कॅनव्हासला तोवर हात लावला नव्हता. पिशवीची चेन गंजून जागच्या जागी धरली होती, दातांवर हिरवट पांढरी पूड चढली होती. गोव्यातल्या आमच्या आश्वे किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारा मुलगा ती घेऊन आला होता. म्हणाला, "ताई, धातूची कुठलीही चेन लावा, खारं पाणी एका मोसमात खाऊन टाकतं." मी म्हापशाच्या बाजारातून जाड प्लास्टिकची चेन आणली, दोरा नायलॉनचा घेतला, मशीनला अठरा नंबरची सुई लावली. त्या एका पिशवीच्या बघता बघता सहा झाल्या. हिशोबाच्या वेळी तो म्हणाला, "अर्धे पैसे घ्या आणि अर्ध्याचे क्लास करा. पोहता येतं ना तुम्हाला?"

पोहता येत होतं. माझं माहेर सांगलीचं. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे आत्याचं घर आहे. आठव्या वर्षी काकांनी पाठीला सुका भोपळा बांधून मला पाण्यात सोडलं आणि दोन उन्हाळ्यांत तो भोपळा सुटला. पण लग्न होऊन पेडणे तालुक्यात आल्यावर सोळा वर्षांत मी समुद्रात गुडघ्याच्या वर गेले नव्हते. घरापासून पुळण चारशे पावलांवर आहे. सासरे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने, रापणीने, मासे धरणारे. आमच्या घरात समुद्र ही कामाची जागा: रापण ओढायची, मासळी निवडायची, नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा आणि घरी यायचं. सुनेनं पाण्यात जाऊ नये असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ते कुणाच्या मनातच आलं नव्हतं, माझ्याही.

मी आधी सासूबाईंना विचारलं. त्या विळीवर बांगडे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंगळसूत्र काढून घरात ठेवून जा. पाण्यात गेलं तर मिळायचं नाही." मी तीच परवानगी समजले, आणि ती परवानगीच होती.

कपड्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागातल्या बायका इथेच अडतात. सुती काहीही घालू नये. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं, काखेत आणि मांड्यांना घासतं, आणि लाटेने उलटंपालटं केलं की डोक्यावर येतं. लायक्रा मिसळलेलं पॉलिएस्टर घ्यावं. वरचा शर्ट लांब बाह्यांचा आणि गळाबंद हवा, कारण बोर्डावर पालथं पडून घसरताना वाळू आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावलेलं मेण मिळून पोट आणि कोपरं सोलून काढतात. ऊन तर आहेच. माझी खरी काळजी कमरेची होती. लेगिंगला मी दीड इंची इलास्टिक लावलं, त्याच्या आतून नाडी ओवली आणि शर्टाच्या पुढच्या कडेला आतून एक फास शिवला. नाडी त्या फासातून घेऊन बांधली की शर्ट वर सरकत नाही आणि लेगिंग खाली उतरत नाही. केसांची घट्ट वेणी घालून ती शर्टाच्या आत टाकायची. पहिल्या दिवशी मी हे सगळं घालून घराबाहेर पडले तेव्हा वर नेहमीचा गाऊन होता आणि तो मी किनाऱ्यावरच्या शेडमध्ये काढला. महिन्याभराने तो घालायचा थांबला.

पहिला क्लास तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला. पाऊस जाऊन समुद्र निवळलेला होता. जून ते सप्टेंबर इथे कुणी शिकवत नाही आणि शिकूही नये. त्यातले पहिले दोन महिने मासेमारीची बंदी असते ती काही उगाच नाही. पावसाळ्यातला समुद्र आणि हा समुद्र, पाणी तेच पण वागणं वेगळं.

पाऊण तास आम्ही वाळूवरच होतो. बोर्ड वरून मऊ फोमचा, साडेआठ फुटांचा, खाली शेपटीकडे तीन फिन, म्हणजे दिशा धरणारे, माशाच्या परांसारखे तुकडे. कुठला पाय पुढे ठेवायचा हे ठरवायला शिकवणाऱ्या मुलाने मला डोळे मिटून ताठ उभं केलं आणि पुढे झुकायला सांगितलं. तोल जाताना डावा पाय आपसूक पुढे पडला. म्हणजे डावा पुढे, उजवा मागे, आणि बोर्डाला बांधणारी दोरी, जिला ते लीश म्हणतात, ती मागच्या म्हणजे उजव्या घोट्याला. मग वाळूत बोर्डाची आकृती काढून तिच्यावर पालथं झोपायचं. पायांची बोटं शेपटीला, तळवे बरगड्यांपाशी, कडा पकडायच्या नाहीत. छाती वर, भुजंगासनासारखी. एक दाब, आणि दोन्ही पाय एका हालचालीत खाली. पुढचा पाय दोन तळव्यांच्या मधोमध यायला हवा, गुडघे वाकलेले, नजर समोर. गुडघ्यावर थांबून मग उठायची सवय लागली तर ती जन्मात सुटत नाही असं तो म्हणाला. मी मोजून तीस वेळा केलं. मशीनवर बसून आखडलेली कंबर दुसऱ्या दिवशी काय बोलली ते तिलाच ठाऊक, पण तिसऱ्या आठवड्यात ती दुखायची थांबली हेही खरं.

पाण्यात शिरण्याआधी तीन गोष्टी त्याने मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही. तो बाजूला असावा, नाहीतर लाट तो उचलून तोंडावर मारते. पडायचं ते पाठीवर, पसरट, सूर मारायचा नाही, आणि वर येताना हात डोक्यावर. तिसरी गोष्ट मला घरीच माहीत होती: उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत न्यायचं, म्हणजे वाळूखाली पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बसलेला असला तर तो चाहूल लागून निघून जातो. बाबा, म्हणजे माझे सासरे, असेच चालतात. मला वाटायचं वयामुळे पाय ओढतात.

पहिली लाट मी पालथी पडूनच घेतली. फुटून फेस झालेली, मांडीएवढ्या उंचीची. त्याने मागून बोर्डाला ढकललं आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग शेपटी उचलली गेली. पोटाखाली पाण्याचा खरखर आवाज सुरू झाला, बोर्डाचं नाक किंचित वर आलं आणि किनारा माझ्याकडे धावत आला. नदीत मी कितीतरी वेळा प्रवाहाबरोबर वाहत गेले आहे, पण तिथे पाणी आपल्याला नेतं आणि आपण पाण्याचाच भाग असतो. इथे मी पाण्याच्या वर होते. फिन वाळूला लागून बोर्ड थांबला तेव्हा मी तिथेच, घोटाभर पाण्यात, तशीच पडून राहिले. तो लांबून ओरडत होता, "ताई, उठा, मागून दुसरी येतेय!"

पुढचे चार-पाच क्लास फेसातच गेले. उभी राहिले ती तिसऱ्या क्लासला, दोन-तीन सेकंद. इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती कळेपर्यंत मी निम्म्याहून जास्त लाटा वाया घालवल्या. बोर्डावर शरीर दोन-तीन इंच पुढे गेलं तर नाक पाण्यात घुसतं आणि आपण बोर्डावरून पुढे फेकले जातो. तेवढंच मागे राहिलं तर बोर्डाची शेपटी बुडते आणि लाट खालून निघून जाते. ब्लाउजच्या खांद्याला पाव इंच चुकला तर अंगाला बसत नाही, तसंच. मी बोर्डावर छापलेल्या एका अक्षराची खूण धरली: हनुवटी त्या अक्षरावर. त्या दिवसापासून नाक घुसणं थांबलं. हात मारतानाही तेच: छाती उचललेली, हात लांब, खांद्यातून, बोर्डाच्या कडेकडेने मागे मांडीपर्यंत. पाणी शिंतोडत नसेल तर हात बरोबर पडतोय.

लाटा कुठून येतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. समुद्र आहे म्हणजे लाटा असणार. त्या मुलाच्या फोनवर रोजचा अंदाज यायचा: उंची, दिशा, आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत. सहा-सात सेकंद असेल तर ती जवळच्या वाऱ्याने उठवलेली, विस्कटलेली लाट. तेरा-चौदा सेकंद असेल तर ती लांबून आलेली. किती लांबून, तर आफ्रिकेच्या आणि मादागास्करच्याही दक्षिणेला, चाळीस अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे जी वादळं अखंड चालू असतात, तिथून. वादळ तिथेच राहतं, लाटा मात्र निघतात आणि अख्खा हिंदी महासागर ओलांडून काही दिवसांनी आश्व्याच्या वाळूवर येऊन फुटतात. हे मी रात्री जेवताना सांगितलं तर बाबा म्हणाले, "वारो ना, तरी दर्या हालता." वारा नाही तरी समुद्र हलतो. एवढं बोलून त्यांनी ताटातला भात कालवला. त्यांना अक्षांश नको होते. इथे पान हलत नसताना जेव्हा समुद्र हलतो तेव्हा तो दुसरीकडचा निरोप असतो, हे त्यांना वीस-बावीस वर्षांचे असल्यापासून माहीत होतं.

आणि लाट फुटते ती खोली संपते म्हणून. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की तिचा वरचा भाग पुढे जातो, खालचा वाळूला अडखळतो आणि ती कोसळते. आमचा किनारा सपाट, उतार अगदी मंद, त्यामुळे लाटा लांबवर हळूहळू फुटत येतात. शिकणाऱ्याला हेच हवं. 2024 च्या ऑलिंपिकचं सर्फिंग पॅरिसपासून पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर ताहिती बेटावर झालं होतं. त्याच्या चित्रफिती त्या मुलाने मला फोनवर दाखवल्या. तिथे लाट प्रवाळाच्या कड्यावर एकदम येते, खाली धारदार खडक आणि वर अंगभर पाणी. प्रवाळ जागचा हलत नाही, म्हणून लाट पिढ्यान् पिढ्या त्याच जागी फुटते. आपल्याकडे तळ वाळूचा. दर पावसाळ्यात समुद्र ती वाळू उचलून दुसरीकडे मांडतो, म्हणून मागच्या वर्षी जिथे चांगली लाट होती तिथे यंदा असेलच असं नाही. लिटल अंदमानला बटलर बेच्या लाटा पाहायला जायचं त्याचं स्वप्न आहे. तो सांगत होता आणि मी बोर्डावर बसून पाय पाण्यात सोडून ऐकत होते. मला आश्वे पुरत होतं.

आता दत्तजयंतीचा दिवस. हे लिहायचं म्हणूनच बाकीचं लिहायला घेतलं.

मला वाटायला लागलं होतं की जमतंय. देवळात संध्याकाळी जायचं होतं, पालखीसाठी शिवायचं होतं ते झालं होतं. दुपारी साडेतीनला मी एकटीच गेले. शिकवणारा मुलगा नव्हता. शेडमधल्या पोराकडून बोर्ड मागून घेतला, त्यानेही ओळखीची म्हणून दिला. नेहमीच्या जागी पर्यटकांची गर्दी होती, म्हणून मी उत्तरेला, मांद्र्याचा ओहळ समुद्राला मिळतो त्या बाजूला सरकले. दुपारचा, समुद्रावरून येणारा खारा वारा सुटला होता, पाणी विस्कटलं होतं, सगळीकडे फेस. फक्त एका पट्ट्यात लाटा फुटत नव्हत्या. तिथलं पाणी शांत, थोडं गढूळ आणि गडद दिसत होतं. मला वाटलं, इथून आत जाणं सोपं पडेल.

खरंच सोपं पडलं. मी दहा-बारा हात मारले आणि कितीतरी आत गेले. मागे वळून पाहिलं तेव्हा किनाऱ्यावरची माणसं बोटाएवढी झाली होती. मी हात मारायचे थांबवले, तरी ती लहान होत होती.

तेव्हा मी केली ती चूक सगळेच करतात. बोर्ड वळवला आणि सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागले. जीव खाऊन. पाच मिनिटं असतील, कदाचित कमीच. खांदे भरून आले, तोंडात खारं पाणी गेलं, आणि ओहळाच्या तोंडाशी एक वाकडा माड आहे तो होता तिथेच, किंबहुना लांब. कृष्णेत मी प्रवाहात सापडले आहे, पण नदीला दोन काठ असतात, वाहत गेलं तरी कधी ना कधी काठाला लागतोच. इथे वाहत जायचं तर कुठे? भीती पोटातून येते म्हणतात, मला ती दातांत जाणवली. दात वाजायला लागले, पाणी कोमट असूनही.

बोर्ड सोडला नाही, एवढं शहाणपण राहिलं होतं. आणि हात थकून थांबले म्हणूनच डोकं चाललं. क्लासच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं आठवलं: ही ओढ खाली नेत नाही, फक्त बाहेर नेते. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं, वाळूत जिथे खोल चर असेल तिथून ते नदीसारखं बाहेर धावतं. चर खोल म्हणून तिथे लाट फुटत नाही, म्हणून ते शांत दिसतं. त्या नदीलाही काठ असतात, आणि ते बाजूला असतात, समोर नाही. मी बोर्ड किनाऱ्याला समांतर वळवला आणि दक्षिणेकडे, जिथे पांढरा फेस दिसत होता तिकडे, हळूहळू हात मारायला लागले. किनारा बघायचाच नाही असं ठरवलं, फक्त फेस बघायचा. बऱ्याच वेळाने ओढ सैल झाल्याचं बोर्डाच्या हलण्यावरून कळलं. मग एक फुटलेली लाट मागून आली आणि तिने मला आत ढकललं. दुसरीने आणखी. कमरेएवढ्या पाण्यात पोचले तोवर जीवरक्षक त्याचा तरंगता फळा घेऊन पाण्यात शिरला होता. त्याने बोर्ड धरला आणि विचारलं, "बाई, एकट्याच?" मग हाताने दाखवलं. माझ्यापासून शंभर पावलांवर लाल बावटा फडकत होता. तो सकाळपासून तिथे होता. मी त्याच्या बाजूने चालत आले होते आणि पाहिला नव्हता.

संध्याकाळी दत्ताच्या देवळात गेले. आरतीत टाळ्या वाजवायला हात वर होईनात.

घरी मी कुणाला सांगितलं नाही, पण आमच्या गावात किनाऱ्यावर घडलेली गोष्ट जेवणाआधी घरी पोचते. सासूबाई गप्प होत्या. बाबांनी जेवण झाल्यावर मला पडवीत बोलावलं. माझ्याशी ते मराठीत बोलतात, मी घाटावरची म्हणून, इतरांशी कोंकणीत. मला वाटलं आता बंद करायला सांगणार. ते म्हणाले, "आज तिथ कुठली?"

"पौर्णिमा."

"भरती कितीला होती?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण, आणि तिथून सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या आसपास, सुकती पूर्ण. ओहोटीला इथे सुकती म्हणतात. "तू साडेतीनला गेलीस. पुनवेचं उधाण, पाणी भरपूर चढलेलं, ते सगळं त्याच वेळी उतरत होतं. वरून ओहळाचं पाणीही त्याच तोंडातून बाहेर. तिथे आम्ही रापण कधी टाकत नाही. जाळं फाटतं." अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात, अमावस्या-पौर्णिमेला उधाण. हे सगळं आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी त्यात फक्त संकष्टी आणि गॅस सिलिंडरची तारीख बघत होते.

मग त्यांनी रापणीचं सांगितलं. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं, दोरही ओढला होता. पण ओढताना सगळी माणसं किनाऱ्याने बाजूबाजूला सरकत का जातात, हे कधी विचारलं नव्हतं. "पाणी जाळ्याला दक्षिणेला नेत असेल तर आम्ही पण दक्षिणेला चालत जातो आणि चालता चालता ओढतो. एका जागी पाय रोवून ओढलं तर दोर तुटतो नाहीतर माणूस पडतो." ते थांबले. "तू शेवटी तेच केलंस ना? बाजूला गेलीस ना?"

मी हो म्हटलं. तेव्हा मला रडू आलं. त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं आणि सासूबाईंना चहा टाकायला सांगितला.

तीन आठवडे मी पाण्यात गेले नाही. लग्नसराईची कामं होती, पण कारण ते नव्हतं. त्या दिवसांत मी सकाळी नुसती पुळणीवर जाऊन बसायचे आणि बघायचे. कुठे लाट फुटते, कुठे फुटत नाही. पांढऱ्याच्या मधे गडद पट्टा कुठे आहे. कालचा पट्टा आज कुठे सरकला. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा लाटेचा माथा कसा उभा धरतो आणि अकरानंतर खारा वारा सुटला की तोच माथा कसा मोडून पडतो. वनखात्याने जाळीचं कुंपण घालून राखलेलं कासवाच्या अंड्यांचं एक ठिकाण होतं, त्याच्या बाजूला माझी बसायची जागा. बाबा कधी कधी येऊन बसायचे. होडी लाटांमधून बाहेर काढायची तर कधी लोटायची, हे त्यांनी तिथेच शिकवलं. मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत, तिनाचारांच्या घोळक्याने येतात, मग थोडा वेळ पाणी गप्प असतं. "तीन मोठ्या जाऊ दे, मग लोट." आम्ही दोघं मोजत बसायचो. शिकवणाऱ्या मुलाचा शब्द वेगळा होता, तो त्याला सेट म्हणायचा, पण मोजणी तीच. फरक एवढाच की होडीला लाटांमधली फट हवी असते आणि मला लाट हवी होती.

शिकवणाऱ्या मुलाने माझ्याकडून दत्तजयंतीचं सगळं ऐकून घेतलं आणि शेडमधल्या पोराला माझ्यासमोरच सांगितलं की शिकवणारा हजर नसताना कुणालाही, अगदी ताईलाही, बोर्ड द्यायचा नाही. मला ते पटलं. पौष महिना पुन्हा फेसात गेला. पहिल्यापासून, पालथं पडून.

माघातल्या एकादशीला मी साडेसहाला बाहेर पडले. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे पाणी निम्म्याहून जास्त चढलेलं आणि अजून चढतंय. पूर्ण भरतीला लाट अगदी किनाऱ्याच्या उतारावर आपटते, त्याच्या आत तास-सव्वा तास मिळणार होता. मतलई वारा गार होता. समुद्र तेलासारखा, आणि फोनवरचे आकडे म्हणत होते चौदा सेकंद. बाबा मागून आले, हातात चहाचा थर्मास, आणि ओंडक्यावर बसले.

मुलगा माझ्यापासून वीस हातांवर त्याच्या बोर्डावर होता. आज ढकलणार नाही म्हणाला. फुटण्याच्या जागेच्या पलीकडे आम्ही बसून होतो, तिथे पाणी वर-खाली होतं, पुढे-मागे नाही. सूर्य अजून डोंगराआड होता. मग क्षितिजाजवळ एक रेघ जाड झाली.

पहिली जाऊ दिली. ती खालून गेली तशी मी उचलले गेले आणि पलीकडच्या दोन दिसल्या. दुसरी मोठी होती, हात आपोआप पाण्यात गेले, पण मी ते परत घेतले. तिसरीसाठी बोर्ड आधीच वळवून ठेवला होता. हनुवटी अक्षरावर. सहा हात, सात हात. शेपटी उचलली. या वेळी पाठीमागे फेसाचा आवाज नव्हता, काहीच आवाज नव्हता, फक्त पुढे उतार होता, हिरवा, काचेसारखा, आणि त्याच्या तळाशी वाळूच्या रेघा दिसत होत्या. तळवे बरगड्यांपाशी, एक दाब. डावा पाय पडला तिथेच पडायला हवा होता. मी खाली पाहिलं नाही. तो वाकडा माड पाहिला, माझ्या डाव्या हाताला, लांब, आणि तो मागे सरकत होता. उजवीकडे लाटेचा माथा थरथरत उभा होता, अजून फुटला नव्हता, आणि मी त्याच्या कडेकडेने चालले होते. किती वेळ ते सांगता येत नाही. ब्लाउजच्या बाहीला शिवण घालायला लागतो तेवढा असेल. मग माथा कोसळला, बोर्ड फेसात थरथरला, आणि मी पसरट, पाठीवर, सांगितलं होतं तशी पडले.

वर आले तेव्हा मुलगा दोन्ही हात वर करून ओरडत होता. मी बोर्ड ओढत, पाय वाळूत घासत बाहेर आले. बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. माझे हात थरथरत होते म्हणून झाकण त्यांनीच धरलं.

"कितवी?" त्यांनी विचारलं.

"तिसरी."

त्यांनी मान हलवली, समुद्राकडे पाहिलं आणि बोटांची पेरं मोजली. "उद्या द्वादशी," म्हणाले. "भरती नऊला. सातला निघालीस तरी चालेल."